सामनेवाल्याची जागा

शमुवेलराव एसटीची वाट बघत नसत. कचेरी सुटली की आम्ही दोघं भोरच्या स्टँडवर यायचो, दोघांनाही किकवीला जायचं असायचं. गाडी लागलेली नसली की हा गृहस्थ छत्री बगलेत मारून सरळ चालू लागायचा. मी आपला बाकावर. पुढे दोन-तीन मैलांवर गाडी त्यांना गाठायची, कंडक्टर करवादत दार उघडायचा आणि हे घामाघूम होऊन आत.

"अहो, शेवटी गाडी तीच ना?" मी चिडून म्हणायचो.

"थांबायचं काम आपलं न्हाई."

कचेरीबाहेरच्या चिंचेखाली मी स्टँप विकायचो आणि ते लोकांचे अर्ज लिहायचे. आमच्या भागात ख्रिस्ती माणूस विरळाच, आणि माझ्या नशिबी आला तो हा. एक ओळ लिहायची, उठायचं, झाडाला फेरी मारायची, मग दुसरी ओळ. बघूनच मला गरगरायचं.

अर्जाला दोन नावं लागतात. तक्रार करणारा तो अर्जदार, ज्याच्यावर तक्रार तो सामनेवाला. ह्या दुसऱ्या नावावर त्यांचा भारी कटाक्ष. एकदा शिवऱ्याची एक म्हातारी आली. बांध फुटून तिचं भाताचं खाचर वाहून गेलं होतं.

"देवाची करनी, बाबा," ती म्हणाली.

"आजी, देवाची करणी म्हटली तर सामनेवाला देव. त्याला समन्स कुठं बजवायचं? का वरच्या शेतवाल्यानं पाणी सोडलं? खुलासा व्हावा."

म्हातारी जी उठली ती गेलीच. माझं गिऱ्हाईक बुडालं ते वेगळंच.

'खुलासा व्हावा' हे त्यांचं पालुपद. पुण्याहून पाद्रीसाहेब भेटायला आले, तर त्यांनाही चिंचेखाली बसवून उलटतपासणी सुरू. "मिसरच्या फारो राजानं गुलामांना सोडलं न्हाई, पर त्याचं मन देवानंच कठीण केलं, असं शास्त्रात हाये. मग शिक्षा फारोला का?"

पाद्रीसाहेब बिचारे सज्जन. म्हणाले, "देव सार्वभौम आहे, शमुवेलराव. तरी माणसाला त्यानं इच्छास्वातंत्र्य दिलंय."

"म्हंजे सात-बारा एकाच्या नावचा आन वहिवाट दुसऱ्याची. मग पीक जळालं तर जबाबदार कोण?"

पाद्रीसाहेबांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत राहिले. मला हसू आवरेना. मी म्हटलं, ह्या माणसाला दुसरा उद्योग नाही.

मग एका दुपारी, कचेरी जेवायला उठलेली असताना, त्यांनी पेटीच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. "एवढा तुमी पुरा करा. मला जमंना."

अक्षर त्यांचंच, घोटीव. ते वेल्ह्याकडे मास्तर होते तेव्हाची हकिकत. सात वर्षांची मुलगी, रूथ, तापानं फणफणलेली. संध्याकाळी हिरड्याच्या पोत्यांचा ट्रक भोरला निघाला होता. ड्रायव्हर म्हणाला, पोरीला घेऊन बसा. ह्यांनी विचार केला, तिचा आत्ताच डोळा लागलाय, प्रभूची मर्जी असेल तर ताप उतरेल, नाहीतर सकाळची एसटी आहेच. सकाळी एसटी अगदी वेळेवर आली. रूथ नव्हती.

सामनेवाल्याच्या जागी एकदा 'परमेश्वर' लिहून खोडलं होतं. मग स्वतःचं नाव, तेही खोडलेलं. पुन्हा परमेश्वर, पुन्हा स्वतः. खोडून खोडून तिथं कागदाला भोक पडलं होतं.

"त्याचं म्हणावं तर त्याला माफ करवत न्हाई," ते म्हणाले. "माझं म्हणावं तर मला."

इतकी वर्षं ह्या माणसाला मी हसलो, ह्याची मला लाज वाटली. मला शास्त्र कळत नाही. मला स्टँप कळतात. मी पेटीतून कोर्ट-फीचं तिकीट काढलं, जीभ लावली आणि त्या भोकावर चिकटवलं.

"नाव न्हाई त्यात," ते म्हणाले.

"तिकीट लागलं, अर्ज दाखल झाला. नाव ज्याचं असेल त्याला ठाऊक आहे. आता निकाल येईपर्यंत थांबायचं."

"थांबायचं?"

"मग काय. मी आहे की शेजारी."

त्यांनी अर्ज घडी घालून छातीच्या खिशात ठेवला. संध्याकाळी स्टँडवर गाडी नव्हती. मी बाकावर बसलो, आणि शमुवेलराव छत्री मांडीवर घेऊन माझ्याजवळ टेकले. गुडघा सारखा हलत होता. गाडी पाऊण तास उशिरा आली. तोवर त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरून ठेवली होती.