बर्फीला केळं

शनिवारी सकाळी रतिलाल पाटील, म्हणजे गावाचे नाना, अंगणातल्या नळाखाली एका ओल्याचिंब कुत्रीला काखेत धरून बसले होते आणि मोकळ्या हाताने एक निळी बाटली दाबत होते. बाटलीतून फुस्स असा आवाज आला. पुन्हा दाबली, तर तोही आला नाही.

"अवं, ललितची माय!" नानांनी घरात हाक दिली. "या बाटलीतलं कुठी गेलं?"

"मले काय ठावं?" आतून कुंदाबाई म्हणाल्या. "तुम्हीच आल्या दिवशी टोपन उघडून वास घेत व्हते. उघडी राह्यली असीन, सांडलं असीन."

नानांना ते लगेच पटलं. वास त्यांनी घेतला होता हे खरं, आणि झाकणं उघडी टाकण्याची त्यांची खोड घरात जुनीच होती. मधाच्या बरणीपासून फवारणीच्या औषधापर्यंत त्यांच्या हातून काय काय सांडलं होतं याचा पाढा कुंदाबाईंना तोंडपाठ होता. तेव्हा वाद न घालता त्यांनी गुन्हा कबूल करून टाकला आणि ते काळजीत पडले.

काळजीचं कारण काखेत होतं. बर्फी ही त्यांच्या सुनेची, मोहिनीची, ल्हासा जातीची कुत्री. पांढरीशुभ्र, आणि केस इतके लांब की उभी राहिली तर पाय दिसत नाहीत, बसली तर तोंड कुठल्या बाजूला आहे ते शेपटी हलल्यावर कळावं. मोहिनी धुळ्याला कॉलेजात शिकवायची. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा बर्फीला घेऊन रावेरजवळच्या या घरी आली, तेव्हा नानांनी दारातच सांगितलं होतं, "कुत्र्याची जागा गोठ्यात." मोहिनी एक रात्र राहिली आणि गेली. तेव्हापासून दर सणाला ललित एकटा यायचा आणि भिंतीकडे बघत सांगायचा, "मोहिनीला सुट्टी नाही." नानांना सगळं समजत होतं, पण बोललेला शब्द काही परत गिळता येत नाही.

आणि या आठवड्यात मोहिनीचा स्वतःहून फोन आला होता. तिच्या मैत्रिणीचं बंगळूरला लग्न होतं. बर्फीला ठेवायला धुळ्यात कोणी मिळत नव्हतं. "नाना, चार दिवस सांभाळाल का?"

"चार कायले? चाळीस दिवस ठेव!" नाना इतक्या घाईने म्हणाले की पलीकडे मोहिनी हसली. ते हसू नानांच्या कानात अजून होतं. रविवारी दोघं बर्फीला न्यायला येणार होते, आणि बर्फी जशी आली तशीच परत गेली, तर ही पोरगी पुन्हा या घरात पाऊल टाकील, नाहीतर नाही, एवढा साधा हिशोब नानांनी मनाशी मांडला होता.

बुधवारी ललित बर्फीला तिच्या बाटल्यांसकट सोडून गेला होता, आणि मोहिनीने फोनवर सूचना बोलून पाठवल्या होत्या. शनिवारी आंघोळ. आधी शाम्पू, मग कंडिशनर, पाच मिनिटं ठेवून धुवायचं आणि मग विंचरायचं. "कंडिशनर विसरू नका हं नाना, नाहीतर गाठी होतात. एकदा गाठी झाल्या की सुटत नाहीत."

शाम्पू झाला होता. कंडिशनर फुस्स झालं होतं. नानांनी रावेरच्या मेडिकलवाल्याला फोन लावून कुत्रीचं कंडिशनर आहे का असं विचारलं. तो आधी हसला आणि मग नानांची तब्येत कशी आहे ते विचारू लागला. नानांनी फोन ठेवला. तेवढ्यात त्यांचं लक्ष बाटलीवरच्या चित्राकडे गेलं. तिथे एक सोललेलं केळं छापलं होतं.

ज्या फळाने घर बांधलं, ललितला इंजिनिअर केलं, ते फळ केसांनाही चालतं ही बातमी नानांना आजवर कोणी दिली नव्हती. तशीही केळ्यावर त्यांची भक्तीच होती. पोट बिघडलं, केळं खा. झोप येत नाही, केळं खा. जावई रुसला, घड पाठवा.

"अवं, याच्यात तं केयं हाये!" ते ओरडले. "घरात घडच्या घड पडले, आन् आपून एका बाटलीसाठी रडून राह्यलो!"

"मंग लावा ना केयं," कुंदाबाई दारात येऊन म्हणाल्या. "तुमचं म्हननं बरोबर हाये."

इथेच नानांनी सावध व्हायला हवं होतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात कुंदाबाईंनी त्यांचं म्हणणं बरोबर असल्याचं कधी सांगितलं नव्हतं. पण परवा सावद्याला भाचीच्या हळदीला जाऊन आल्यापासून त्या जरा खुशीतच होत्या, त्यामुळे असेल, असं नानांना वाटलं.

पिकून काळी पडलेली केळी परातीत कुस्करून नानांनी बर्फीला नखशिखांत माखली. बर्फीची अजिबात तक्रार नव्हती. ती जिभेला लागेल तिथपर्यंत स्वतःला चाटत होती. पाच मिनिटं ठेवायचं होतं, पण नानांचा हात मुळात सढळ. पाच मिनिटांनी केस मऊ होतात तर अर्ध्या तासाने किती होतील, असा विचार करून त्यांनी तिला ओसरीत बसवलं आणि स्वतः चहा प्यायला गेले.

मे महिना होता. रावेरच्या मे महिन्यात अंगणात टाकलेला पापड उलटायच्या आत वाळतो. नाना चहा पिऊन आले तेव्हा केळं वाळून केसांना घट्ट धरून बसलं होतं. फणी आत गेली ती बाहेर आली नाही, तिची मूठ तेवढी नानांच्या हातात आली. त्यांनी पाणी ओतलं, तर केळं पुन्हा ओलं होऊन आणखी आत शिरलं. तोवर मुंग्यांची रांग ओसरीच्या पायरीपर्यंत आली होती.

"आता काय कराचं?" कुंदाबाईंनी विचारलं. आवाजात नेहमीची फोडणी नव्हती.

"चिकट काढाले तुरटी," नाना ठामपणे म्हणाले. "आपून रोज काय करतो?"

रोज करत होते हे खरं. घरामागच्या मळ्यातल्या शेडमध्ये कापलेल्या कच्च्या केळीच्या फण्या तुरटीच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे त्यांचा चीक निघतो आणि माल चकचकीत होतो. त्या दिवशीही सकाळी एक ट्रक भरून गेला होता आणि हौद भरलेलाच होता. नानांनी बर्फीला त्यात सोडलं. तिने आनंदाने पूर्ण फेरी मारली. केळ्याचे गोळे सुटून वर तरंगू लागले तसा नानांना हुरूप आला आणि त्यांनी तिला आणखी एक फेरी मारायला लावली.

बाहेर काढून उन्हात उभी केली, आणि नाना बघतच राहिले. तुरटीने फण्यांचा चीक निघतो, पण निघून जातो कुठे? हौदातच. आणि केळीच्या चिकाचा डाग धोतर फाटलं तरी जात नाही, हे रावेर तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर केळीत जायचे कपडे वेगळे ठेवतात. बर्फीकडे वेगळे कपडे नव्हते. तिच्या पाठीवर, पोटावर, कानांवर चहाच्या रंगाचे डाग चढत चालले होते, आणि उरलेल्या केळ्याच्या जागी दगडासारख्या गाठी झाल्या होत्या.

"माय व माय!" कुंदाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "ही बर्फी कुठी राह्यली? ही तं कलाकंद झाली!"

तेवढ्यात नानांचा फोन वाजला. मोहिनीचा व्हिडिओ कॉल होता.

नानांनी फोन कुंदाबाईंकडे दिला, कुंदाबाईंनी नानांकडे दिला, आणि शेवटी बर्फीला डोक्यापासून टॉवेलमध्ये गुंडाळून तिचं फक्त नाक बाहेर ठेवण्यात आलं.

"बर्फी! अगं बाई, आंघोळ झाली वाटतं!" मोहिनी म्हणाली. "कंडिशनर लावलं ना, नाना?"

"लावलं. भरपूर लावलं," नाना म्हणाले. एवढं तरी खोटं नव्हतं. "आता झोपली बिचारी. ठेवतो मी, इकडं रेंज नाही."

फोन बंद करून ते पायरीवर मटकन बसले. हा डाग धुऊन जाणार नाही, या गाठी सुटणार नाहीत आणि उद्या मोहिनी येणार. त्यांना खरोखर रडू यायला लागलं. बर्फीने टॉवेलमधून नाक काढून त्यांचा हात चाटला, तेव्हा तर जास्तच.

बांधावरून मेंढ्यांचा आवाज आला. नानांच्या मोकळ्या वावरात खतासाठी साक्रीकडच्या पुना ठेलारी या मेंढपाळाचा कळप बसवला होता, आणि पुना चार दिवसांपासून मेंढ्यांची लोकर कातरत होता. नाना उठले. डाग केसांना होता, कुत्रीला नव्हता. आता उपाय एकच होता.

पुनाने बर्फीला उलटसुलट करून पाहिलं. "नाना, हाई कसानी मेंढी शे?"

"मेंढी नाही रे, कुत्री हाये. सुनेची."

"कुत्रीले इतली लोकर?" पुनाला नवल वाटलं. "बठ्ठी काढी टाकू?"

"बठ्ठी काढ."

पुनाने बर्फीला गुडघ्यांत धरलं आणि कातर चालवली. काम सफाईचं झालं, यात वाद नाही. डागांसकट, गाठींसकट, केळ्यासकट सगळी लोकर एका सपाट्यात उतरली आणि आतून एक गुलाबीसर, काटकुळी, मोठ्या डोळ्यांची अनोळखी कुत्री निघाली. नाना सुटकेचा श्वास घेणार, इतक्यात पुनाने शेजारच्या डब्यात बोट बुडवलं आणि तिच्या पाठीवर लालभडक ठिपका ओढला.

"अरे, हे काय केलं?"

"कातरेल मेंढीले निशानी करनीच पडस," पुना गडबडून म्हणाला. "नही तं तीच दुसरांदाव हातमां येस. सवयनं व्हई गयं, नाना."

"आन् हा रंग निंघतो कवा?"

"पानी पडनं का निंघी जाई." मग त्याने लोकरीच्या ढिगाकडे बोट केलं. "हाई तुमले पाहिजे, का मी लई जाऊ?"

रविवारी दुपारपर्यंत नानांनी तीन कारणं तयार केली होती. उष्णता, खरूज आणि माकडं. पण फाटकाशी गाडी थांबली आणि मोहिनी "बर्फी!" अशी हाक मारत उतरली, तेव्हा तिन्ही कारणं त्यांच्या डोक्यातून साफ उडून गेली. केळीच्या बागेतून गावठी कुत्र्यांच्या पुढे धावत एक गुलाबी प्राणी सुसाट आला.

"ही कोणाची?" मोहिनीने विचारलं. प्राण्याने तिच्या अंगावर उडी घेतली.

ललितने ओठ दाबून धरले आणि गाडीच्या चाकाकडे बघू लागला.

"तुहीच हाये, बाई," नाना म्हणाले. "बाटली माह्या हातून सांडली. मंग मी केयं लावलं, मंग हौदात बुडवली, मंग पुनानं कातरली. तो लाल ठिपका त्यानं सवयीनं लावला. त्याच्यावर रागावू नको, काय बोलाचं ते मले बोल."

मोहिनी बर्फीला घेऊन पायरीवर बसली. तिने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कानामागे पाहिलं, पोट पाहिलं. कुठे ओरखडाही नव्हता. तेवढ्यात बर्फी तिच्या हातातून निसटली, कुत्र्यांच्या मागे बागेपर्यंत धावली आणि तशीच भिरभिरत परत आली.

"ललित," मोहिनी हळूच म्हणाली, "ही पळते!"

"हं," ललित म्हणाला.

"नाना, धुळ्याला ही दिवसभर फरशीवर पंख्याखाली पडून असते हो. डॉक्टर वर्षभर मागे लागलेत, उन्हाळ्यात केस काढा म्हणून. माझाच धीर होत नव्हता." आणि ती हसायला लागली. ठिपक्याकडे बघून तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "रात्री कुठे झोपायची?"

"माह्या खाटीवर," नाना म्हणाले. "कूलर तिच्याकडं फिरवला व्हता."

मोहिनी हसायची थांबली आणि तिने नानांकडे नीट पाहिलं. "मग आता दर मे महिन्यात हिला इकडेच आणते. मीही राहीन. कॉलेजला सुट्टी असतेच."

सुट्टी असतेच, हे नानांनी ऐकलं आणि कानाआड केलं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि तो तिथे सुखाने होता.

कुंदाबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि ट्रे ठेवायला वाकल्या. तशी बर्फी खाटेवर चढली, तिने त्यांच्या अंबाड्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटून वास घेत राहिली. नानांनी हाकललं तरी हलेना.

"आई, केस किती मऊ झालेत तुमचे!" मोहिनी म्हणाली. "चकाकताहेत नुसते. काय लावलंत?"

कपबशा किणकिणल्या. कुंदाबाईंनी घाईने डोक्यावर पदर ओढला, पण तेवढ्यात वाऱ्याबरोबर तो वास नानांच्याही नाकात शिरला. आल्या दिवशी टोपण उघडून घेतलेला तोच वास. सावद्याची हळद, रिकामी बाटली आणि 'तुमचं म्हननं बरोबर हाये' हे सगळं नानांना एका दमात कळलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. कुंदाबाई जमिनीकडे बघत होत्या. चार माणसांत बोलायला नानांना असा मोका सबंध संसारात मिळाला नव्हता.

त्यांनी सावकाश चहाचा घोट घेतला.

"केयं लावलं तिनं," ते म्हणाले. "मीच सांगितलं व्हतं."

"हौ व बाई," कुंदाबाई पदराआडून म्हणाल्या, "यांचं म्हननं बरोबरच असते."