खांदा कॉलनीचा फ्लेक्स ओहायोत

ऋचाने अमेरिकेत नगरपरिषदेची निवडणूक लढवायचं ठरवल्याचं कळलं, तेव्हा अवधूत सबनिसांनी फोन कानापासून दूर धरून बायकोला सांगितलं, "सुनंदा, आपली मुलगी उभी राहतेय."

"बसायला सांगा तिला. दिवसभर काम करत असते," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

ऋचा ओहायो राज्यातल्या एका छोट्या शहरात इंजिनिअर होती आणि बरीच वर्षं झाली, तिथली नागरिकही. शहराबाहेर नदीकाठी सखल माळ होता. पुराचं पाणी तिथे पसरायचं, म्हणून घरं कोरडी राहायची. त्या माळावर आता गोदामं येणार होती आणि ऋचाचा त्याला विरोध होता. एवढंच तिचं भांडण.

संध्याकाळपर्यंत खांदा कॉलनीतल्या त्यांच्या सोसायटीत ही बातमी सगळ्यांना कळली, कारण निवृत्त झाल्यापासून अवधूतरावांकडे वेळ होता आणि बातमी त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळी, पहिल्यापासून सांगितली. सगळ्यात मनावर घेतली ती तळमजल्यावरच्या जगनशेठनी. जगनशेठ मूळचे करंजाड्याचे. वडिलोपार्जित जमिनी सरकारी प्रकल्पात गेल्यावर त्यांनी बांधकामाची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली होती. नगरसेवकपदासाठी ते एकदा उभे राहून पडलेही होते, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

"इलेक्शन मंजे खर्च," ते म्हणाले. "आमी वर्गनी काडतो. पोर आपली हाय."

अवधूतरावांना गहिवरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे ऋचाला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, एक रुपयाही पाठवू नका," ऋचा म्हणाली. "परदेशातून पैसे घेणं इथे गुन्हा आहे. माझी उमेदवारी जाईल."

"मग तुझ्या समोरच्या उमेदवाराला कोण देतं?" अवधूतरावांनी विचारलं.

"थेट कोणी फारसं देत नाही. गोदामवाल्यांनी एक समिती काढलीय, 'सुखी नागरिक समिती'. ती हवा तेवढा पैसा खर्च करते, त्याच्या बाजूने जाहिराती करते. अट एवढीच की, उमेदवाराशी सल्लामसलत करायची नाही. कागदोपत्री दोघं वेगळे."

जगनशेठनी मान डोलावली. "हात वेगला, खिसा येकच. समजला."

"काका, तुम्ही नुसत्या शुभेच्छा द्या."

शुभेच्छा म्हटल्यावर जगनशेठना एकच पद्धत माहीत होती. दोन दिवसांनी कॉलनीच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. मधोमध हात जोडलेली ऋचा, वर 'अमेरिकेची वाघीण' आणि खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी कमलाकर होते, अवधूतराव होते आणि सगळ्यांच्या दुप्पट आकारात काळा चष्मा, गळ्यात जाड साखळी घातलेले, फोन कानाला लावलेले जगनशेठ होते. अवधूतरावांनी फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढला आणि अभिमानाने फेसबुकवर टाकला.

तो फोटो समितीच्या हाती लागला.

पुढच्या आठवड्यात ऋचाच्या शहरातल्या घराघरांत गुळगुळीत कागदाचं एक पत्रक पडलं. त्यावर फ्लेक्सचा फोटो होता. जगनशेठच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढून खाली विचारलं होतं, 'हा माणूस कोण आहे? तुमच्या शहरात त्याला काय हवं आहे?'

ऋचाचा फोन आला. "बाबा, हेच आता टीव्हीवरही दाखवतायत. लोक मला विचारतायत, माझ्यामागे कुठली टोळी आहे."

अवधूतरावांनी फेसबुकवरचा फोटो काढून टाकला. फ्लेक्सही तासाभरात उतरवला गेला. जगनशेठ मात्र ऋचाने पाठवलेला पत्रकाचा फोटो मोठा करून करून बघत होते. "घरोघर गेला म्हंता? हितं मला आमच्या वार्डातबी येवरा घरोघर जाता आला नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचाच्या शहरातल्या स्थानिक वर्तमानपत्राच्या बातमीदार बाईंचा अवधूतरावांना फोन आला. नोकरीत अर्ज लिहून लिहून अवधूतरावांचं इंग्रजी शुद्ध पण ताठ झालं होतं.

"मुलीच्या प्रचाराला तुम्ही किती पैसे पाठवलेत?" बाईंनी विचारलं.

अवधूतरावांनी घसा साफ केला. "महोदया, मी द्यायला तयार होतो. शेजारीही तयार होते. मुलीने घेतले नाहीत. उलट मला रागावली. नोकरीत मी कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही, त्यामुळे तिचं रागावणं मला आवडलं."

"आणि तो काळ्या चष्म्यातला माणूस?"

"आमचे शेजारी. मनाने चांगले आहेत. फोटो त्यांनीच निवडला."

तेवढ्यात शेजारी येऊन बसलेल्या जगनशेठनी फोन ओढून घेतला. "मॅडम, आय अ‍ॅम जगन. आय वॉन्ट नथिंग. ओन्ली गर्ल विन."

बातमी जशीच्या तशी छापून आली. तोपर्यंत ऋचाचं नाव शहरात फारसं कोणाला माहीत नव्हतं, कारण जाहिरातींना तिच्याकडे पैसे नव्हते. आता समितीच्या पैशाने ते प्रत्येक घरात पोचलं होतं. आणि ही बाई सख्ख्या बापाचेही पैसे घेत नाही, हेही लोकांना कळलं. दुकानात, चर्चबाहेर लोक तिला थांबवून बाबांची चौकशी करू लागले.

ऋचा थोड्या मतांनी निवडून आली.

निकालानंतरच्या रविवारी सोसायटीत पेढे वाटले गेले. अवधूतराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन सगळे मजले चढले, लिफ्ट चालू असूनही. मग तळमजल्यावर जगनशेठच्या घरी बसून सगळ्यांनी ऋचाला फोन लावला.

"समितीचे अध्यक्ष काल मला भेटायला आले होते," ऋचा म्हणाली. "फुलं घेऊन. म्हणाले, मिळून काम करू, पुढच्या वेळी आम्ही तुमच्या बाजूने खर्च करू."

"निकालाला चार दिस झाल्यावं आलं?" जगनशेठ म्हणाले. "लय हलू हायत. आमच्याकडं गुलाल खाली बसायच्या आदी येतात. मंग तू काय बोललीस?"

"फुलं परत दिली. म्हटलं, सभेत या आणि सगळ्यांसमोर बोला. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, तुम्हालाही तेवढीच. गोदामाचा प्रस्ताव मी पहिल्याच बैठकीत अडवणार आहे, काका. पाण्याच्या वाटेत भराव टाकू देणार नाही."

अवधूतराव सगळ्यांकडे बघत होते. सुनंदाबाईंनी पदर डोळ्याला लावला. जगनशेठनीही मान डोलावली आणि फोन बंद झाल्यावर एक पेढा उचलला.

"अवधूतराव," त्यांनी हळूच विचारलं, "ही आता तिकडंच रानार ना?"

"का हो?"

"नाय, तसा काय नाय. करंजाड्याला नाल्याच्या कडंला मी येक भराव टाकतोय. लहानच हाय."

"दिवाळीला येतेय ती," सुनंदाबाई म्हणाल्या. "चांगली महिनाभर."

जगनशेठनी तोंडाजवळ नेलेला पेढा परत ताटलीत ठेवला.