तुलना: उपलब्ध नाही

कारण: पन्हाळीतली पानं काढताना शिडीवरून पडणे.

डेलबर्ट स्टकी, ओहायोतला निवृत्त मोटार मेकॅनिक. बरगड्या शाबूत निघाल्या. पण डॉक्टरीणबाईंचा फोन येण्याआधीच सीटी स्कॅनचा अहवाल त्याच्या मोबाइलवर येऊन पडला, आणि त्याने तो वाचला.

निरीक्षण: उजव्या फुप्फुसात आठ मिलिमीटरची गाठ.

"इंचात सांग," त्याची बायको मार्लीन म्हणाली.

डेलबर्टने गॅरेजातून आठचा पाना आणून तिच्या तळहातावर ठेवला. "याच्यात बसेल एवढी. दहाची नाही हे बरं. दहाचा पाना कधी वेळेवर सापडत नाही."

मार्लीन हसली नाही. पाना तिने मुठीत घट्ट धरून ठेवला.

तुलना: आधीचे चित्र उपलब्ध नाही.

"जुना एक्स-रे शोधा," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "त्यातही गाठ एवढीच असली, तर जुना व्रण. नसली, तर सुई घालून तुकडा काढावा लागेल."

"न्यूमोनियाचा होता की," डेलबर्ट म्हणाला. "सव्वीस वर्षांपूर्वीचा. दर हॅलोविनला, भुतांच्या सणाला, आपण खिडकीत लावायचो, सांगाडा म्हणून."

"तो मी ओपलला दिला."

"माझी छाती तू शेजारणीला दिलीस?"

"अडगळ काढत होते, डेल."

ओपलच्या खिडकीत छाती होती. गळ्याशी रिबिनीचा नारिंगी बो चिकटवलेला. दोघांनी काचेला नाक लावलं. उजवं फुप्फुस स्वच्छ, काळंभोर.

डेलबर्ट पायरीवर बसला. "म्हणजे नवी आहे."

"माझ्या खिडकीत काय शोधताय?" ओपलने दार उघडलं.

"ठिपका," मार्लीन म्हणाली. "पांढरा. उजवीकडे."

"तो होय? किती पुसला, जाईना. माशीची घाण असेल म्हणून काळ्या मार्करने बुजवला."

डेलबर्ट पायरीवरून उठला.

"ओपल," डेलबर्ट म्हणाला, "चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तुला मिठी मारावीशी वाटतेय."

"बरगड्या सांभाळ. स्पिरिट आणते."

मार्कर निघाला. मार्लीनने मूठ उघडून पाना ठिपक्यावर टेकवला. नेमका बसला.

एक्स-रे तसाच दवाखान्यात गेला. सुधारित अहवाल दोन दिवसांनी आला, याही वेळी फोनच्या आधी.

तुलना: सव्वीस वर्षांपूर्वीचा एक्स-रे. गाठ तेवढीच. बहुधा लहानपणी कोंबड्यांच्या खुराड्यातली बुरशी श्वासातून गेल्याचा जुना व्रण. सुईची गरज नाही.

गळ्याशी नारिंगी बो. आताच्या स्कॅनमध्ये आढळला नाही.