ओढ्याची तब्येत आणि माझा चकचकीत ट्रे

ओढ्याची तब्येत तपासायला स्वयंसेवक हवेत, असा कागद कुणीतरी माझ्याच दुकानाच्या भिंतीवर चिकटवला आणि मी नाव दिलं. ("साबण-पावडर विकणाऱ्याला पाण्याचा एवढा पुळका?" बायकोने विचारलं. मी मनावर घेतलं नाही. तिथेच चुकलं.)

शिकवायला शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. ओढ्यातले दगड हलवायचे, तिथलं पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायचं आणि किडे मोजायचे. तीन शेपट्यांचे किडे वळवळले, की ओढा ठणठणीत.

"आणि ट्रे फक्त ओढ्याच्याच पाण्याने विसळायचा," बाई म्हणाल्या.

मी मनात हसलो. तीस वर्षं दुकान चालवतोय. माल दाखवायचं भांडं कसं ठेवावं हे आता मी बाईंकडून शिकू?

रविवारी माझ्या ट्रेमध्ये ओढ्याचं पाणी ओतलं आणि माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. दोन मिनिटांत सगळे किडे उताणे! वर हा एवढा फेस!

ओढ्याच्या वरच्या अंगाला लाँड्री एकच. मी बाईंना आणि चार शेजाऱ्यांना घेऊन तडक तिच्या दारात.

"अरे, ओढा मारलास की!"

लाँड्रीवाल्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. "शेठ, माझं सगळं पाणी टाकीत जातं हो! लाँड्री बंद पाडलीत तर घरी खायचं काय?"

"आधी माझ्या ट्रेमध्ये बघू," बाई म्हणाल्या.

सगळे ओढ्यावर गेलो, त्यांनी ताजं पाणी घेतलं. त्यांच्या ट्रेमध्ये किडे मजेत पोहत होते. तेच पाणी माझ्या ट्रेमध्ये ओतलं, तर पुन्हा फेस!

बाईंनी माझ्या ट्रेवरून बोट फिरवलं. "हा कशाने धुता?"

"धुतो कुठे? आमच्या पावडरची मूठ टाकून सुक्या फडक्याने घासतो. काउंटरच्या काचेसारखा..."

शेजारी आभाळाकडे बघायला लागले. मी लाँड्रीवाल्यासमोर हात जोडले.

तो मात्र फेसाकडे टक लावून होता. "शेठ, दहा वर्षं तुम्ही पावडरचं कौतुक सांगत होतात, पण मला वाटायचं थापा मारता. नुसत्या पुसलेल्या ट्रेला एवढा फेस? एक गोणी पाठवा."

दहा वर्षांतली त्याची पहिली ऑर्डर! मी तोंड उघडलं, तोच बाईंची नजर दिसली.

"माल संपलाय," मी म्हणालो. छाती कशी भरून आली होती!

घरी येऊन बायकोला हा त्याग ऐकवला.

"संपलाय कसला? आत्ताच लाँड्रीवाला दोन गोण्या घेऊन गेला," ती म्हणाली. "म्हणाला, शेठना कळू देऊ नका, ते आता ओढ्याच्या बाजूचे झालेत."