गप्प बाहुल्याचा प्रयोग

कला कुठे संपते आणि करमणूक कुठे सुरू होते, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, असं कलामंडळाचे चिटणीस छातीठोकपणे म्हणत. हसू आलं की करमणूक आणि डोकं दुखलं की कला, अशी त्यांची ढोबळ व्याख्या होती. सभेत मात्र ते हेच जरा जड शब्दांत मांडत.

हा फरक कळणं गरजेचंही होतं. मंडळाचा हॉल नगरपालिकेच्या मालकीचा. अग्निशमन केंद्राच्या मागे, पत्र्याच्या छपराचा, पण फुकट मिळालेला. करारात अट एकच, की इथे फक्त कला चालेल, करमणूक नाही. सकाळी गाण्याचा वर्ग, दुपारी मुलांची चित्रकला, संध्याकाळी नाटकाच्या तालमी. बावीस वर्षं चिटणीस स्वतः कुलूप उघडत आले होते. यंदा कोणीतरी तक्रार केली, की आतून हसण्याचे आवाज येतात. झालं! शनिवारी तपासनीस येऊन एक कार्यक्रम बघतील आणि करमणूक आढळली तर हॉल काढून घेतला जाईल, असं पत्र आलं. त्या दिवसापासून चिटणिसांची अन्नावरची वासनाच उडाली.

त्यांनी एक महागंभीर नाटक ठरवलं. शुक्रवारी नायकाला कांजिण्या निघाल्या. आता एका दिवसात कलावंत आणायचा कुठून? मोकळा होता तो फक्त त्यांचा मेव्हणा, आणि तो पडला शब्दभ्रमकार. ओठ न हलवता मांडीवरच्या बाहुल्याला बोलतं करायचं, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. बाहुल्याचं नाव टकल्या. वाढदिवसापासून निरोपसमारंभापर्यंत टकल्याने लोकांना हसवून लोळवलं होतं, आणि नेमकं म्हणूनच चिटणिसांनी त्याला हॉलची पायरी चढू दिली नव्हती. मेव्हण्याच्या मनाला ते फार लागलं होतं. बोलून दाखवत नसे इतकंच.

"तू फक्त बाहुला घेऊन बस," चिटणीस त्याला म्हणाले. "तो बोलणार नाही. मी शेजारी उभा राहून माणसाच्या एकटेपणावर निवेदन करीन. झाली कला."

"बसतो, दाजी," मेव्हणा म्हणाला. "पण मध्ये थांबू नका. समोरचा थांबला की टकल्या बोलतोच. माझ्या हातात नसतं ते."

चिटणिसांनी ते कानाआड केलं. त्यांना एकेका सभासदाला फोन करायचे होते. सगळ्यांनी यायचं, पण हसायचं नाही. अगदीच आवरेना तर तोंडात रुमाल कोंबायचा.

शनिवारी हॉल भरला. तपासनीस मांडीवर फाइल घेऊन शेवटच्या रांगेत बसले. चेहरा असा, की आयुष्यात कधी हसलेच नसावेत. चिटणिसांनी भारदस्त आवाज लावला आणि पाच मिनिटं सगळं कसं छान कंटाळवाणं चाललं. मग त्यांनी हात उंचावून विचारलं, "माणूस एकटा का आहे?" आणि प्रश्न लोकांच्या मनात मुरावा म्हणून थांबले.

"कारण तो सारखा भाषण करतो," टकल्या म्हणाला.

मेव्हणा पांढराफटक पडला. त्याने घाईघाईने बाहुल्याचं तोंड दाबलं, जसं काही आवाज तिथूनच येत होता. पहिल्या रांगेत चित्रकलेच्या बाईंनी रुमाल काढला. चिटणिसांनी डोळे वटारले, पण मेव्हण्यावर नाही, टकल्यावर! त्याच्या पुढ्यात सगळ्यांचं असंच होई. बोलणारा माणूस बाजूला राही आणि लोक लाकडाच्या तोंडी लागत.

"तू गप्प बस," ते दात-ओठ खात म्हणाले.

"गप्पच आहे. तोंड दाबलंय माझं."

"तुला इथे बोलावलं, चूक झाली माझी."

"बावीस वर्षांनी बोलावलंत. तोवर मी ट्रंकेत बसून कला करत होतो."

रांगाच्या रांगा गदगदा हलू लागल्या. सगळ्यांच्या तोंडात रुमाल. चिटणिसांचा तोल आता पुरता सुटला. त्यांनी निवेदनाचे कागद खाली आपटले आणि टकल्यापुढे गुडघे टेकून ओरडले, "अरे, हा हॉल गेला तर मुलांनी चित्रं कुठे काढायची? मी सकाळी उठून कुठे जायचं?"

"ट्रंकेत या," टकल्या मायेने म्हणाला. "दोघांपुरती जागा आहे."

गाण्याच्या बाईंचा दमसास सगळ्या गावात नावाजलेला, पण पहिल्या फुटल्या त्याच. मग हॉलचा पत्रा हादरला.

लोक पांगले तेव्हा चिटणीस हॉलची किल्ली हातात धरून उभे होते. द्यायचीच आहे, तर आपणहून द्यावी. तपासनीस समोर आले. डोळे लाल, चष्म्यावर वाफ.

"हे संवाद बसवले कोणी?"

आपण बसवले, असं सांगून वेळ मारून नेता आली असती, पण चिटणिसांची जीभ रेटेना. कोणीच बसवले नाहीत, सगळा कार्यक्रम बिघडला, आपण खरोखरच बाहुल्याशी भांडत होतो, असं त्यांनी सांगून टाकलं. मेव्हणा मध्ये पडला. चूक आपली आहे, दाजींचा हॉल काढू नका, असं तो हात जोडून म्हणाला.

तपासनिसांनी फाइल उघडून नियम वाचला. "करमणूक म्हणजे हसवण्याच्या हेतूने केलेला कार्यक्रम. तुमचा हसवण्याचा हेतू होता?"

"छे हो!" चिटणीस कळवळून म्हणाले. "आम्ही फार गंभीर होतो."

"ते दिसतच होतं," असं म्हणून त्यांनी 'कला'पुढे खूण केली आणि सही ठोकली. "पुढच्या वर्षी येईन. हेच दाखवा. फक्त ठरवून करू नका, नाहीतर ते नियमात बसणार नाही."

चिटणिसांचे डोळे भरून आले. त्यांनी मेव्हण्याला मिठी मारली, टकल्यालाही मारली आणि ट्रंक यापुढे हॉलमध्येच राहील असं जाहीर केलं. त्यांच्या बायकोने फक्त एवढंच विचारलं, की अहो, न ठरवता चिडायचं कसं? त्यात काय अवघड, असं चिटणीस म्हणाले. तेव्हापासून ते रोज अर्धा तास टकल्यासमोर बसून न ठरवता चिडायची तालीम करतात. पंचाईत एवढीच, की तो आता त्यांना इतका आवडायला लागलाय, की राग म्हणून येत नाही.