नळाची घंटा

लातूर जिल्ह्याचं ठिकाण होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, जीपगाड्या आल्या. पाणी मात्र दुष्काळात आठवड्यातून एकदाच यायचं, तेही कधी याचा नेम नाही. म्हणून साहेबरावांची बायको चांगुणा दिवसभर नळासमोर पाटावर बसून असायची. नायगावला तिच्या बहिणीला नातू होऊन तीन महिने झाले, तरी तिला जाता आलं नव्हतं.

साहेबराव ट्रेझरीत कारकून. फावल्या वेळात रेडिओ उघडून बसायचे. एका रविवारी ते म्हणाले, "मी घंटाच करतो. नळाखाली पेला ठेवायचा. पाणी आलं की घंटा वाजंल. तू खुशाल कुठंबी जा."

"आन् करंट लागला मंजी?"

घंटा विजेवरची आणि चांगुणाचे हात कायम ओले. त्यासाठीच साहेबरावांनी हैदराबादहून ऑप्टोकपलर मागवला होता: सहा पायांचा, चिंचोक्याएवढा काळा तुकडा.

"ह्याच्यात बारकी बत्ती हाय. पेल्यात पाणी आलं की ती बॅटरीवर पेटती. तिचा उजेड पलीकडं पडला की तिकडून घंटा चालू. मधी तारच न्हाई. करंट तुझ्यापर्यंत येतोच कुठं?"

"एवढा इचार माझ्यासाठी?" चांगुणा म्हणाली, आणि साहेबराव सोल्डर करता करता लाजले. लाल तार संपली होती, म्हणून त्यांनी बत्तीच्या दोन्ही पायांना काळीच तार जोडली. घंटा चालू करणारा खटका, रिले, बोटाने दाबला, घंटा खणखणली. पाणी ओतून बघण्याइतकं पाणी घरात नव्हतं.

बातमी गल्लीभर झाली. बुधवारी चांगुणा कोपऱ्यावरच्या शांतम्माकडे शेवया करायला बसली. बाकीच्या बायकाही घंटेच्या भरवशावर आपापल्या कामाला लागल्या. पाणी आलं. पेला भरला, वाहू लागला. घंटा गप्प.

"अय्यो, गटारीला पाणी हाय!" शांतम्मा ओरडली. सगळ्या धावल्या, तोवर नळ नुसता फुसफुसत होता.

संध्याकाळी साहेबराव कचेरीतून आले तेव्हा गल्ली दारातच उभी होती.

"ओ साहेबराव, तुमची घंटा मुकी हाय काय?"

"आता आठ दिवस रेडिओ ऐकून तहान भागवावी का आमी?"

चांगुणा आत गेली. रांजणाच्या तळातलं अर्धा तांब्या पाणी काढून तिने त्यांच्यासाठी चहा ठेवला. ते त्यांना गल्लीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

चहा तसाच ठेवून त्यांनी घंटेची पेटी उघडली. "एक नंबरच्या पायाला प्लस पायजे, दोनला मायनस. मी उलटं जोडलं. उलटी जोडली की बत्ती पेटतच न्हाई."

"दोनी तारा काळ्याच. कळावं कसं?" चांगुणाने जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडली आणि प्लसच्या तारेला बांधली; साहेबरावांनी तारा अदलाबदल करून जोडल्या. मग तिने प्यायला राखलेलं घोटभर पाणी पेल्यात ओतलं.

घंटा अशी वाजली की दोन मिनिटांत सगळी गल्ली घागरी-हंडे घेऊन हजर. एकीच्या पातेल्यात तर भात होता.

"कुठाय पाणी?"

"न्हाई, ते... तपासायलो."

"तपासायलो म्हणं!" भाताची बाई तणतणत गेली.

पुढच्या गुरुवारी सकाळी, नवऱ्याने तीनदा शपथ घातल्यावर, चांगुणा नायगावच्या दहाच्या एस.टी.साठी पिशवी घेऊन निघाली. ती कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच घंटा वाजली.

"पाणी आलं! पाणी आलं!" साहेबराव ओरडले. एकही दार उघडलं नाही.

"वाजू द्या, तपासायलेत," आतून शांतम्माचा आवाज आला.

साहेबरावांनी चार दारं ठोठावली. कुणी ढिम्म हलेना. नळ किती वेळ चालेल, भरवसा नव्हता. ते घरात धावले, पेल्याच्या जागी लावलेली बादली उचलली आणि कपड्यांसकट डोक्यावर ओतून घेतली. मग तसेच निथळत गल्लीत उभे राहिले.

शांतम्माने खिडकीतून बघितलं. कितीतरी महिन्यांत तिने इतका ओला माणूस बघितला नव्हता.

"खरंच आलंय गं!" ती किंचाळली, आणि दारं धडाधड उघडली. हंड्यांच्या गर्दीत साहेबराव पँट वर करून पाणी भरून देऊ लागले. सगळी गल्ली भरून झाली, तेव्हा कुठे त्यांचं कोपऱ्याकडे लक्ष गेलं. चांगुणा तिथेच उभी होती, तोंडाला पदर लावून हसत.

"अगं, गाडी गेली की तुझी!"

"बाराला दुसरी हाय." तिने पिशवी खाली ठेवली आणि भर गल्लीत, सगळ्यांदेखत, पदराने त्यांचं डोकं पुसायला लागली.