हेलियम आणि दादांची खिडकी

अवकाश हेलियम या कंपनीचे शेअर घेतल्यापासून श्रीपादराव देवस्थळी जमिनीला टेकेनासे झाले. मिरजेत तोवर असे बरेच जण होते, त्यामुळे कोणी मुद्दाम बघायला आलं नाही.

हेलियम शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या भागधारकांचं असं होतं. भाव चढला की माणूस चढतो, भाव उतरला की उतरतो, आणि ज्याच्याकडे जास्त शेअर तो जास्त वर. मोठ्या, जुन्या कंपन्यांचे शेअर घेणारे मात्र जागचे हलत नाहीत. ज्यांना अजून काहीच सापडलेलं नाही अशा कंपन्यांतच हा गुण असतो. अवकाश हेलियमला काहीच सापडलं नव्हतं. कोकणातल्या एका गरम पाण्याच्या झऱ्याजवळ तिची विहीर खणणं चालू होतं आणि ‘आशादायक खडक लागला’ अशी बातमी अधूनमधून यायची. तेवढ्यावर श्रीपादराव चढत होते.

घरात पंख्याला डोकं लागायला लागलं तेव्हा सुलभाताईंनी नवऱ्याला अंगणात काढलं. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी त्यांच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक स्वयंपाकघराच्या गजाला. जेवणाचा डबा त्या साड्या वाळत घालायच्या काठीनं वर द्यायच्या. संसारात माणूस काय काय शिकतो, त्यात हे एक.

श्रीपादरावांना नफा नको होता. त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत पोचायचं होतं.

त्या खिडकीआड त्यांचे थोरले भाऊ, दादा, पलंगाला खिळून होते. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून उठणं नाही. दोघे भाऊ एकाच इमारतीत राहायचे, धाकटा तळाला आणि थोरला वर, पण वडिलांच्या वर्षश्राद्धापासून त्यांचं बोलणं बंद होतं. श्राद्ध तिथीनं करायचं, असं दादांचं म्हणणं. तारखेनं करायचं, म्हणजे रजा टाकता येते, असं श्रीपादरावांचं. शब्दानं शब्द वाढला आणि श्रीपादराव वडिलांच्या फोटोसमोर, गुरुजींच्या देखत म्हणाले, “आजपासून तुझा जिना चढणार नाही.” दादा म्हणाले, “नको चढूस.” त्यानंतर एकाच इमारतीत दर वर्षी दोन श्राद्धं होऊ लागली आणि बिचारे कावळे दोनदा जेवू लागले.

दिलेला शब्द पाळायचा हा देवस्थळ्यांचा गुण म्हणा किंवा पिढीजात खोड म्हणा. बायकांनी तो मुळीच पाळला नाही. त्यांच्या वाट्या जिन्यावरून वर-खाली चालूच होत्या.

“चढा की जिना,” सुलभाताई कितीदा म्हणाल्या. “कोणी फासावर देत नाही तुम्हाला.”

“अण्णांच्या फोटोसमोर बोललोय मी.”

“अण्णांच्या एवढं लक्षात राहत नव्हतं हो. जिवंतपणी चष्मा कुठे ठेवला ते आठवायचं नाही त्यांना.”

पण श्रीपादराव ऐकेनात. दादांचं खोकणं रात्री खाली ऐकू यायचं आणि दर वेळी ते जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जाऊन परत फिरायचे. भावाला बघायचं होतं आणि शब्दही मोडायचा नव्हता. अशा माणसानं हेलियम घ्यायचं नाही तर काय घ्यायचं?

चढता चढता ते पहिल्या मजल्यावर आले. तिथे सोसायटीचे चेअरमन फडतरे राहायचे. ते चहा घेऊन गॅलरीत आले.

“काका, मीटिंगमध्ये विषय झाला,” ते म्हणाले. “तुम्ही सामाईक जागेच्या वर आहात. गच्चीच्या कठड्यापर्यंत आमची हरकत नाही. त्याच्या वर गेलात तर सोसायटीची हद्द संपते. मग नियमाप्रमाणं आमची जबाबदारी ऱ्हाणार नाही.”

“मला दुसऱ्या मजल्याच्या वर जायचंच नाही.”

“मग लेखी द्या. आणि संध्याकाळी गॅलरीत बघू नका. मंडळींना अवघडल्यासारखं होतं.”

श्रीपादरावांनी लेखी दिलं आणि संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून राहू लागले.

शेअरचं काम बघणाऱ्या नितीन कुलगुडेचा फोन आला. “काका, विहिरीचा निकाल या आठवड्यात आहे. आत्ता विका. या कंपन्या आशेवर चढतात आणि बातमीवर पडतात. मी सगळ्यांना विकायला सांगतोय.”

“अजून चार फूट राहिलेत, नितीन.”

“गॅस लागला तर ढगांत जाल, नाही लागला तर खाली याल. दोन्हीकडून तुमचंच नुकसान आहे.”

“आपटेन का?”

“आपटणार नाही. दिवसाला पाच टक्क्यांच्या वर भाव पडू देत नाहीत. ती मर्यादा गुंतवणूकदारांच्या हाडांसाठीच आहे.”

श्रीपादरावांनी शेअर विकले नाहीत. त्याच दिवशी वरच्या वहिनी डाळीच्या पिठाची वाटी घेऊन खाली आल्या आणि जाताना सहज विचारावं तसं त्यांनी कंपनीचं पूर्ण नाव विचारून घेतलं. सुलभाताईंनी ते सांगितलं आणि विसरूनही गेल्या.

बुधवारी श्रीपादरावांचा वर केलेला हात दादांच्या खिडकीच्या चौकटीला लागला. अजून थोडं, मग डोळे चौकटीच्या वर येतील. त्यांनी खाकरून पाहिलं. आतून खोकल्याचा आवाज आला.

गुरुवारी सकाळी निकाल आला. विहिरीला गरम पाणी लागलं होतं. हेलियम नव्हतं.

बाजार उघडला तो सगळे विकणारे, घेणारा एकही नाही. श्रीपादराव उतरू लागले आणि चौकट हातातून सुटली. दुपारपर्यंत ते फडतऱ्यांच्या गॅलरीच्या वरच्या कडेला आले होते. असंच रोज होणार, हे त्यांना कळत होतं. उद्या आणखी खाली, परवा आणखी, आणि मग अंगण. त्यांना रडू आलं. रस्त्याकडे तोंड होतं म्हणून फडतऱ्यांना दिसलं नाही.

सुलभाताईंनी काठीनं टॉवेल वर दिला. “पुसा तोंड,” त्या म्हणाल्या. “आणि उद्याचं जेवण माझ्याकडून मागू नका. मला वर वहिनींच्या मदतीला जायचंय. सकाळपासून वडे तळायचेत.”

शुक्रवारी बाजार उघडला तेव्हा श्रीपादरावांनी डोळे मिटून घेतले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कमरेची दोरी ताणली गेली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा फडतऱ्यांची गॅलरी खाली चालली होती.

फोन वाजला. “काका, कोणीतरी घेतंय!” नितीन ओरडत होता. “विकायला येतील तेवढे सगळे उचलतंय. सगळं गाव विकून खाली उतरलं आणि हा एकटा घेत सुटलाय. विहिरीत पाणी निघालंय हे त्याला ठाऊक नाही की काय?”

श्रीपादराव उत्तर देणार तोच दादांची खिडकी आतून उघडली.

खिडकीत दादा होते. पलंगापासून चांगले वर, आडवे नाही, उभे. वहिनींनी जुन्या नऊवारीनं त्यांना पलंगाच्या पायाला बांधलं होतं. दाढी वाढलेली, हातात फोन. किती वाळला होता दादा.

“किती लोंबकळशील बाहेर?” दादा म्हणाले. “आत ये.”

“तू घेतलेस?”

“तू पडत होतास. मी झोपून बघत होतो, तुझा हात दिसेनासा झाला.”

“पैसे कुठले?”

“खुब्याच्या ऑपरेशनची ठेव मोडली.”

“दादा!”

“उठता यावं म्हणूनच ठेवली होती ना? उठलो की.”

श्रीपादरावांनी खिडकीचं दार धरलं. आत जायला काही अडत नव्हतं. जिना तर लागलाच नव्हता. पण जुनी सवय सुटेना. “आज अण्णांच्या श्राद्धाची तारीख आहे म्हणून बोलावतोयस?” त्यांनी विचारलं.

“तारखेचं मला काय? तिथी आहे म्हणून.”

वहिनी स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आल्या. “दोन्ही आहे,” त्या म्हणाल्या. “कॅलेंडर बघा. एकोणीस वर्षांनी एकत्र येतात म्हणे. आता भांडायला काही उरलेलं नाही, तेव्हा जेवून घ्या.”

श्रीपादराव खिडकीतून आत आले. पाटावर बसणं दोघांनाही जमणार नव्हतं. दोरी आणि नऊवारी सैल केली तसे दोघे भाऊ छतापाशी गेले आणि दारावर टांगलेल्या अण्णांच्या फोटोसमोर थांबले. इतक्या जवळून, डोळ्याला डोळा भिडवून तो कोणी पाहिला नव्हता. चौकटीच्या वरच्या पट्टीवर बोटभर धूळ होती. दादांनी फोटो धरला आणि श्रीपादरावांनी टॉवेलनं धूळ पुसली.

सुलभाताईंनी खालून काठीनं पहिलं पान वर सरकवलं. “खीर सांडू नका,” त्या म्हणाल्या. “अण्णांच्या अंगावर उडेल.”